अजून नाहीचा मळा

उंबरसोंडेच्या बंधाऱ्यावरून खाली उतरलं की डाव्या हाताला साडेतीन एकरांचा एक मळा लागतो. आजूबाजूच्या सगळ्या रानांना हद्दीचे दगड आहेत, याला एकही नाही. हा मळा कुणाचा, असं गावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "ते अजून कळलं नाही." पाहुण्याला वाटतं, आपली थट्टा चालली आहे. मग म्हातारे खंडू गुरव त्याला बांधावर बसवतात, तंबाखू मळतात आणि सांगू लागतात. ते सांगतात ते असं.

फार वर्षांपूर्वी इथे लिंबाजी नावाचा पाटकरी होता. बंधाऱ्याचं पाणी पाटाने कुणाच्या रानात कधी जायचं, हे पाहणं त्याचं काम. कुणाची पाळी कधी, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी अचूक सांगायचा म्हणे. साऱ्या गावाची रानं भिजवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मात्र वीतभर रान नव्हतं. त्यात त्याची लेक हौसा, नवरा गेल्यावर दोन पोरींना घेऊन माहेरी आली होती. घरात चार तोंडं आणि भाकरी दोन, असे दिवस होते.

मळा तेव्हा आवडाईचा. नवरा नाही, मूल नाही, आणि तोंडाने अशी फटकळ की वाटेने जाणारा माणूस चार पावलं वळसा घालून जाई. नात्याचा म्हणून एकच, परगावी राहणारा पुतण्या सुभाना. त्याच्याशीही तिचं धड नव्हतं.

तो दिवस आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा होता. या दिवशी पाण्याचं दान करतात. आणि नेमकी त्याच दिवशी पाटाच्या पाण्याची पाळीही आवडाईचीच होती. सगळा घोटाळा इथेच झाला, असं सांगतात.

दुपारच्या उन्हात लिंबाजी पाट बघत मळ्यापाशी आला. घशाला कोरड पडली होती. आंब्याखाली आवडाई बसली होती. त्याने पाणी मागितलं, तशी ती तांब्या घेऊन उठली. त्याने ओंजळ धरली, तिने वरून धार धरली आणि धार चालू असतानाच म्हणाली, "लिंबाजी, म्या ह्या मळ्यावर पानी सोडलं बघ."

तो ओंजळीला तोंड लावून पीत होता, त्यामुळे बोलला काहीच नाही. पाण्याबरोबर तुळशीचं एक पान तोंडात आलं, तेही त्याने गिळलं. म्हातारीने आपल्या हातानेच पाटाचं दारं मोडून, म्हणजे मातीचा बांध फोडून, पाणी मळ्यात घेतलं असणार, असं त्याला वाटलं, म्हणून तो बघायला गेला. पाणी वाफ्याच्या तोंडाशी होतं, पण मुद्दाम आत घेतलेलं होतं की आपोआप झिरपलं होतं, हे काही उमगेना. विचारायला परत आला, तर आवडाई आंब्याला टेकून बसली होती आणि तिची मान एका बाजूला कलंडली होती.

झालं ते त्याने जसंच्या तसं गावाला सांगितलं. लपवायचं असतं हे त्या भाबड्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि दहाव्याच्या दिवशी चावडीवर जो गोंधळ उडाला, तो काही विचारू नका.

जोशीबुवा म्हणाले, आखितीचा दिवस, पाण्यात तुळशीपत्र, उदक थेट हातावर पडलेलं, तेव्हा हे दानच. पण दान घेणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, ते तिने घेतलं नाही. शिवाय दानाचं उदक कुणी पितं का? हा तर पिऊन बसला. सुभाना म्हणाला, पाटकऱ्याला माणूस पाण्याचंच सांगणार, रान भिजवलं एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि तुळशीचं पान तर म्हाताऱ्या प्यायच्या पाण्यात रोजच टाकतात. मागून कुणीतरी म्हणालं, बिचारीने मळ्याची आशाच सोडली असेल, आपणही गेल्या वस्तूवर पाणी सोडलं असं म्हणतोच की. तिन्ही अर्थ बरोबर होते, आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

पाटलांनी लिंबाजीला भैरोबाची शपथ घातली आणि विचारलं, तुझ्या हातावर पाणी पडलं, तूच सांग.

लिंबाजीने दाराकडे पाहिलं. हौसा उभी होती, दोन्ही पोरी तिच्या लुगड्याला धरून होत्या. मला दिलं, एवढे दोन शब्द बोलले की चुलीची काळजी कायमची मिटणार होती. ते खोटंही ठरलं नसतं, कारण पाणी त्याच्याच हातावर पडलं होतं. पण ते खरंच आहे, असंही त्याला म्हणता येईना. त्याच्या डोक्यात नुसता चिखल झाला होता.

"मला कळलं न्हाई," तो म्हणाला.

वाटतं काय ते तरी सांग, असं पाटील म्हणाले.

"वाटतं ते सांगितलं, तर ते माझ्या गरजंचं सांगणं व्हईल पाटील. तिच्या मनातलं मी कसं सांगू?"

हौसाने मान खाली घातली. बापाचा तिला तेव्हा फार राग आला होता, असं ती पुढे म्हातारपणी सांगायची म्हणे.

शेवटी गावाने ठरवलं, लिंबाजीला कळेपर्यंत मळा सगळ्यांनी मिळून कसायचा आणि ज्या घरची चूल पेटत नसेल, त्या घरी तिथलं धान्य द्यायचं. सुभाना तणतणत उठला. दर आखितीला येऊन विचारीन, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मळा घेईन, असं बजावून गेला.

पहिल्या वर्षीची बाजरी गावाने हौसाच्याच पदरात घातली. ती भाकरी मोडताना लिंबाजी विचारात पडला. म्हणजे आवडाईने आपल्यालाच दिलं होतं का? दुसऱ्या वर्षी एका कुंभारणीचं घर जळालं आणि पोती तिच्याकडे गेली. तिला रडताना पाहिलं आणि त्याला वाटलं, हिच्यासाठीच असणार. तिसऱ्या वर्षी एक परकी बाळंतीण गावात अडकून पडली, तिला महिनाभर मळ्याने जेवू घातलं. तेव्हा त्याला तीच खरी वाटली. दर वर्षी सुभाना विचारायचा, "कळलं का?" आणि लिंबाजी अगदी मनापासून म्हणायचा, "अजून न्हाई."

मग मोठा दुष्काळ पडला. सुभानाच्या गावात प्यायलाही पाणी उरलं नाही. त्या आखितीला तो बायकोपोरांना गाडीत घालून आला.  गाडीत मळ्यातल्या बाजरीची तीन पोती चढली. विचारायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही म्हणे, पाटलांनीच आठवण करून दिली. तेव्हा तो लिंबाजीपुढे उभा राहिला आणि कसाबसा म्हणाला, "कळलं का?"

लिंबाजीने मळा आपला सांगितला असता, तर ती पोती खाली उतरवावी लागली असती.

"अजून न्हाई," लिंबाजी म्हणाला, आणि सुभाना तिथेच पाटाच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडला.

पुढे लिंबाजी थकला आणि गेला. शेवटच्या दिवशी त्याने हौसाला जवळ बोलावून कानात काही सांगितलं. काय, ते कुणालाच ठाऊक नाही. पाट राखायचं काम हौसाकडेच आलं. आखितीला सारं गाव बांधावर जमलं. बापाला कळलं होतं आणि मळा आमचा आहे, असं तिने म्हटलं असतं तर तिला खोटं कोण पाडणार होतं? म्हातारा सुभाना काठी टेकत पुढे आला आणि त्याने विचारलं.

हौसाने मळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अजून न्हाई."

आजही आखितीला सकाळी गाव त्या मळ्यावर जमतं. जो पाटकरी असेल, त्याच्या ओंजळीत पाणी ओततात. तो ते पितो. मग गावातलं सर्वांत वयस्क माणूस त्याला विचारतं, "कळलं का?" मळ्याच्या धान्यावर आज चार म्हातारी माणसं जेवतात, आणि गावातल्या दोन मुली शहरात राहून नर्सिंग शिकतात. त्या मुलींच्या आयाही गर्दीत असतात. उत्तर येईपर्यंत त्या पाटकऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभ्या असतात. ते आलं की माणसं बोलू लागतात, आणि नांगर जुंपले जातात.