'प्राउड' या शब्दाखाली

"मग यातला तुझा कोणता?" अप्पांनी विचारलं.

मल्लिनाथ वाचायचा थांबला. 'प्राउड' या इंग्रजी शब्दाखाली त्याने दिलेले चौतीस मराठी शब्द नुकतेच खड्या आवाजात वाचून झाले होते. गर्विष्ठ, मानी, ताठर, अहंमन्य, मिजासखोर... एकेक शब्द जणू स्वतः घडवल्यासारखा त्याने उच्चारला होता. इतर कोशांत सहा-सात मिळाले तर मिळाले, हेही सांगून झालं होतं.

"माझा? स्वाभिमानी."

अप्पांनी मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

निलंग्याजवळच्या या मठाच्या वसतिगृहात मल्लिनाथ लहानाचा मोठा झाला. एबीसीडी त्याला मठाधिपती अप्पांनीच फरशीवर खडूने गिरवून दिली. पुढे तो लातूरला इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि वीस वर्षं खपून त्याने हा पर्यायी शब्दांचा कोश उभा केला. शेवटची प्रुफं उद्या छापखान्यात जायची होती.

तो बी.ए.ला पहिला आला तेव्हा अप्पा "बरं" म्हणाले होते. डॉक्टरेट मिळाली तेव्हाही "बरं". आज मात्र त्याहून जास्त काही ऐकल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता.

तेवढ्यात शरणव्वा आली.

मठातल्या पोरांना तीस-पस्तीस वर्षं भाकऱ्या थापून घालणारी ही बाई. मल्ल्या आलाय म्हटल्यावर परातीतले हात तसेच घेऊन बाहेर आली होती. त्याच्या मांडीवरचा कागदांचा गठ्ठा तिने पाहिला. वाचता तिला येत नव्हतं. पिठाचे हात लागू नयेत म्हणून ती दोन पावलं लांबच उभी राहिली.

"एवढं समदं मल्ल्यानं लिवलं?"

अप्पांनी हो म्हटलं.

शरणव्वाने दोन्ही हात लांबूनच त्याच्या तोंडावरून ओवाळले, आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली आणि डोळे पुसत आत गेली. मल्ल्यानं एवढं लिवलं, हेच ती आत सगळ्यांना सांगत होती, ते बाहेर ऐकू येत होतं.

"हिच्या तोंडावर आत्ता होतं, ते काय होतं?" अप्पांनी विचारलं. "तुझ्या यादीत बघ."

मल्लिनाथने यादीवर नजर टाकली. मग बोट ठेवून एकेक शब्द पाहिला. गर्व नव्हता. ताठा नव्हता. अभिमान म्हणावा, तर त्यात थोडं स्वतःचंही असतं. या बाईला स्वतःसाठी काहीच नको होतं...

चौतीस शब्द संपले.

"कौतुक," तो हळूच म्हणाला.

"लिहिलं नाहीस?"

"लिहिलं होतं. मी नाही, रेवतीनं."

मग त्याला सांगावंच लागलं. रेवती बिडवे त्याची विद्यार्थिनी. सात वर्षं तिने कोशासाठी शब्दांच्या चिठ्ठ्या जमवल्या होत्या. बाजारात, एस.टी. स्टँडवर, बाळंतिणींच्या वॉर्डात बसून तिने शब्द टिपले होते. 'प्राउड'च्या चिठ्ठीवर तिने 'कौतुक' लिहिलं आणि मल्लिनाथने त्यावर लाल रेघ मारली. तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं, की सर, इंग्रजी आई पोराला 'आय ॲम प्राउड ऑफ यू' म्हणते, तेव्हा आपल्याकडची आई काय म्हणते?

उद्यापासून येऊ नकोस, एवढंच तो म्हणाला. ती आली नाही. प्रस्तावनेतून तिचं नावही गेलं. आभार मानताना त्याने कागदवाल्यालासुद्धा सोडलं नव्हतं.

"तिचं चुकलं होतं?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"तेव्हा ठाऊक होतं?"

मल्लिनाथने मांडीवरचे कागद सरळ केले.

"...होतं."

अप्पा समोरच्या लिंबाकडे बघत बसले.

मल्लिनाथने खिशातलं पेन काढलं. पान शोधून चौतिसाव्या शब्दापुढे 'कौतुक' लिहिलं. पेनला टोपण लावलं. पुन्हा काढलं. गठ्ठ्यातून प्रस्तावनेचं पान वर घेतलं. त्याच्या सहीच्या वर दोन बोटं जागा मोकळी होती. यातले कितीतरी शब्द माझ्याआधी रेवती बिडवे हिला सापडले, असं त्याने लिहिलं, आणि पान अप्पांपुढे धरलं.

अप्पांनी चष्मा चढवला. ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"अक्षर सुरेख आहे रे तुझं," अप्पा म्हणाले.