डोंगरवाल्यांची खिडकी

खूप खूप वर्षांपूर्वी, कवड्या मोजून व्यवहार व्हायचा त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण हिच्यातली चूक लहानांनी केलेली नाही.

एका डोंगराच्या पायथ्याशी पेठ होती. चारी बाजूंनी तट, आत जायला एकच दरवाजा. ती एका शेटने बांधली होती, आणि खरं सांगायचं तर छान बांधली होती. आधी त्या वाटेवर लुटारू असत. तुपात चरबी आणि मधात गूळ मिसळणारे असत. शेटने लुटारू हुसकावले, भेसळवाले हाकलले, राखणदार नेमले, पाणपोई घातली. लोकांनी त्याला दुवा दिला.

त्याचे नियम सोपे होते. कारागिराने माल आणून द्यायचा, शेटची माणसं तो खिडकीतून विकणार. दहा कवड्या आल्या की तीन शेटच्या, सात कारागिराच्या. पेठेत माल देणाऱ्याने तो घरून विकायचा नाही. घरी स्वस्त मिळेल असं गिऱ्हाइकाच्या कानात जरी सांगितलं, तरी त्याचा माल पेठेतून कायमचा बाद.

पेठेजवळच्या गावात एक कुंभारीण होती. ती मातीच्या शिट्ट्या करायची. तुम्ही म्हणाल, शिट्टी म्हणजे खेळणं! डोंगरात तसं नव्हतं. थंडीच्या तोंडावर तिथे असं धुकं उतरायचं की स्वतःचे पाय दिसू नयेत, आणि वाटेच्या एका अंगाला खोल दरी. मग घरोघरी कुणीतरी उंबऱ्यावर बसून शिट्टी वाजवायचं. वाटेवर अडकलेला माणूस त्या आवाजाच्या रोखाने घर गाठायचा. वर्षभरात शिट्टीला तडा जायचा. तडकलेली शिट्टी घोगरी वाजते, आवाज कुठून येतो ते कळत नाही. म्हणून दरवर्षी जुनी उंबऱ्याजवळ पुरायची आणि नवी विकत घ्यायची. विकतच घ्यायची बरं! फुकटची शिट्टी वाजत नाही, असा डोंगराचा पक्का समज.

कुंभारणीची लेक याच डोंगरावर, सोळा घरांच्या वाडीत दिलेली. त्यामुळे ती प्रत्येक शिट्टी तीन तीनदा वाजवून बघायची आणि मगच पेठेत द्यायची.

एका वर्षी शिट्ट्या खपेचनात. कुंभारणीला वाटलं, माझ्या हातात काही खोट आली. तिने माती बदलली, भट्टी नव्याने घातली, रात्रीचा दिवस केला. नव्या शिट्ट्यांचा आवाज असा खणखणीत की शेजाऱ्यांनी कानावर हात ठेवले. तरी माल पडूनच राहिला.

तेवढ्यात एक दिवस विहीण डोंगर उतरून तिच्या दारात आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"इहीणबाई, आमच्याकडून अठरा कवड्या मागायला जीभ कशी झाली तुमची? पोटची पोर दिलीत ना आमच्यात?"

"अठरा?" कुंभारणीने हातातलं काम टाकलं. "अहो, शिट्टी दहाचीच आहे! माझ्या वाट्याला सातच ठरलेत!"

"मग डोंगरवाल्यांच्या खिडकीवर अठरा कुणी लिहिलं?"

 डोंगरवाल्यांची वेगळी खिडकी केली आहे, हेच कुंभारणीला ठाऊक नव्हतं. ती बिचारी महिनाभर मातीला दोष देत बसली होती, आणि वर सगळा डोंगर तिला बोल लावत होता!

"वाडीत एकानंबी नवी घेतली नाही," विहीण म्हणाली. "तुमच्या लेकीच्या उंबऱ्यावर तडकलेलीच हाय. बाकीच्यांनी जुन्या पुरल्या, आन् नव्या घ्यायला परवडंना."

कुंभारीण तशीच उठली आणि राजाकडे गेली. राजाने शेटला बोलावलं. दरबारात चांगलीच जुंपली.

शेट म्हणाला, "महाराज, डोंगरातल्या कवड्या झिजलेल्या असतात. त्यांच्या दोन कवड्यांना खालची एक भारी. मग भाव वाढवायचा नाही तर काय करायचं? आणि दरवाजा माझा, राखण माझी. ते काय फुकट होतं?"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या.

कुंभारीण म्हणाली, "महाराज, शेट तीन कवड्या घेतात त्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढला नाही. त्यांनी राखण केलीय. पण माझ्या मालाचा भाव मला न विचारता वाढवला, आणि घरून दहाला देते म्हणायचीही मला चोरी. माणसांनी शिट्टीवाचून कसं राहायचं?"

दरबाऱ्यांनी पुन्हा तशाच माना डोलावल्या.

"दर घरी कशाला हवी?" शेट हसला. "सोळा घरांत एक असली तरी पुरे की!"

राजाला काही ठरवता येईना. तो म्हणाला, "चला, वर जाऊन त्या कवड्याच तोलून बघू."

दुसऱ्या दिवशी राजा निघाला. शेटने खेचरावर तराजू लादला. न खपलेल्या शिट्ट्यांची पाटी डोक्यावर घेऊन कुंभारीण मागून चालली. दुपार कलली आणि धुकं उतरलं. पुढे चाललेलं खेचर दिसेनासं झालं. दगड घरंगळले, आणि बऱ्याच वेळाने खाली कुठेतरी काहीतरी आपटलं. तराजू गेला, खेचर गेलं. शेट त्याच्यामागे दोनच पावलांवर होता.

"शिट्टी वाजव!" शेट ओरडला. "वाजव लवकर!"

कुंभारणीने जीव खाऊन शिट्टी वाजवली. सोळा घरांची वाडी हाकेच्या अंतरावर होती. एकही उत्तर आलं नाही. तिने पुन्हा वाजवली. काही नाही. 

"अजून जोरात!"

"शिट्टी जोरातच वाजतेय, शेट. तिकडे वाजवायला कुणाकडे नाही."

मग एक घोगरा आवाज आला. राजा म्हणाला उजवीकडून, शेट म्हणाला डावीकडून. कुंभारणीने दोघांना खडकाला टेकून बसवलं आणि ती वाजवत राहिली. शेवटी धुक्यातून विहीणच पुढे आली. तिच्या कमरेला दोर होता. त्याचं दुसरं टोक उंबऱ्यावर कुंभारणीच्या लेकीने धरलेलं होतं.

समोर राजा आणि शेटला बघून विहिणीचा चेहरा पडला. "मला वाटलं, माझा ल्योक आला."

"म्हणजे? जावईबापू घरी नाहीत?" कुंभारणीने विचारलं.

"सकाळी वाडीची गुरं घेऊन गेलाय. अजून आला नाही."

दोराला धरून सगळे वाडीत पोचले.  शेटने कुंभारणीच्या डोक्यावरची पाटी ओढून घेतली आणि पहिल्या दारात शिट्टी पुढे केली. "घ्या! कवड्या नकोत, आधी वाजवा!"

दारातल्या म्हाताऱ्याने हात मागे घेतला. "फुकटची नको. फुकटची वाजत नाही." त्याने कनवटीची एक झिजलेली कवडी काढून शेटच्या तळहातावर ठेवली आणि मगच शिट्टी ओठाला लावली.

 मग शेट पळत सुटला. सोळा दारं, सोळा शिट्ट्या, सोळा झिजलेल्या कवड्या. ज्या कवड्या तोलायला तो आला होता, त्या त्याने न बघता मुठीत घेतल्या. सगळी वाडी एकदम वाजू लागली.

बऱ्याच वेळाने कुंभारणीचा जावई हातांनी जमीन चाचपत, रांगत आला. गुडघे फुटले होते. "तासभर कड्याच्या टोकाला बसून होतो," तो म्हणाला. "वाडी कुठल्या अंगाला तेच कळंना." त्याच्यासोबत एकही जनावर नव्हतं. अकराच्या अकरा दरीत गेली होती.

लेकीने त्याला मिठी मारली आणि ती मोठ्याने रडली. राजा खाली मान घालून उभा होता.

शेट विहिणीपुढे जाऊन म्हणाला, "बाई, माझा जीव वाचवलास. काय देऊ?"

"शिट्टीचे अठरा तू मागितलेस," विहीण म्हणाली. "हाकंचं आमी काय घेत नाही."



राजाने तिथेच निवाडा केला. वाडीची अकरा गुरं शेटने भरून द्यावीत. डोंगरवाल्यांची वेगळी खिडकी बंद करावी. मालाचा भाव करणाऱ्यानेच ठरवावा, घरून विकायला कुणाला आडकाठी नसावी, आणि राखणीबद्दल शेटने दहात एकच कवडी घ्यावी. शेटने एका शब्दाने वाद घातला नाही. म्हणतात की त्या सोळा कवड्या त्याने पुढे कधीच खर्चल्या नाहीत.

बोध: वाट राखणाऱ्याने राखणीपुरतंच घ्यावं; वाटेवरच्या माणसांचा आधार महाग केला, तर आपल्यावर वेळ आल्यावर तो आपल्यालाही मिळत नाही.