दोन बुडांचं मडकं

फार पूर्वी, खाडीच्या मुखाशी एक नगर होतं. तिथे राजा नव्हता. दर पाच वर्षांनी लोक आपला नायक निवडायचे. चौकात प्रत्येक उमेदवाराचं एक मडकं ठेवायचं, ज्याने-त्याने आपल्या पसंतीच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा आणि संध्याकाळी सर्वांदेखत मडकी फोडून चिंचोके मोजायचे, अशी तिथली रीत होती.

पण ही रीत आता नावापुरतीच उरली होती. एकच नायक वीस वर्षं गादीला चिकटून बसला होता. जो कुणी त्याच्यासमोर उभा राहील, त्याच्यावर काहीतरी आळ घालून तो त्याला कोठडीत डांबायचा. यंदा नगरातल्या वैद्यबुवांनी उभं राहायचं धाडस केलं, तर तेही आत गेले.

ही बातमी खाडीपलीकडच्या सहा नगरांत पोचली. निवड मोकळेपणाने होईल, अशी शपथ सातही नगरांनी जुन्या तहात घेतली होती. सहा नगरांनी नायकाला निरोप धाडला, "वैद्यांना सोडा. आमच्या माणसांसमोर निवड होऊ द्या. तुमच्या लोकांसाठी धान्याची गलबतं येत राहतील, पण तोवर तुमच्या वखारीतला माल आमच्या एकाही बंदरात उतरणार नाही."

नायकाने महिनाभर डोळे वटारून पाहिलं. मग वखारीत माल कुजायला लागला, तसा तो नरमला. वैद्यबुवा सुटले. चला, आता सगळं सुरळीत होणार, असं लोकांना वाटलं.

निवडीची मडकी धोंडाई नावाची एक कुंभारीण घडवायची. एका दुपारी नायकाचा कारभारी तिच्या अंगणात येऊन बसला.

"धोंडाई, नायकांच्या मडक्यात हे चिंचोके भर," पिशवी पुढे सरकवत तो म्हणाला. "वर कच्च्या मातीचा थर लिंप आणि गेरू फास. पाहणाऱ्याला मडकं रिकामंच दिसलं पाहिजे. फोडलं की सगळे चिंचोके एकत्र सांडतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मातीची खाण नायकांची आहे," कारभारी शांतपणे म्हणाला. "उद्यापासून तिथे तुझं पाऊल पडायचं नाही."

धोंडाईने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कर बाई. आपण कुठले शूर लागून गेलो? सहा नगरांची शहाणी माणसं येणारच आहेत. पकडतील ती."

तेच मनाशी धरून धोंडाईने मडकं केलं. हात मात्र दिवसभर जड होते.

निवडीच्या दिवशी चौक माणसांनी फुलून गेला. सहा नगरांचे पाहुणे आले. त्यांचा म्होरक्या एक म्हातारा तांडेल होता. उभा जन्म गलबतांवर काढलेला माणूस. त्याने नायकाच्या मडक्यात डोकावून पाहिलं, आत हात घालून चाचपलं आणि म्हणाला, "रिकामं आहे."

बाकीच्या पाहुण्यांनीही एकामागून एक मडक्यात पाहिलं आणि मान डोलावली. पाण्याची खोली जोखणारी ती माणसं, मातीतलं त्यांना काय कळणार? कोठडीत रोडावलेले वैद्यबुवा हात जोडून उभे होते. मडक्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"सुरुवात करण्याआधी कुणाला काही सांगायचंय?" तांडेलाने रीतीप्रमाणे विचारलं.

कारभारी धोंडाईकडेच पाहत होता. आपण गप्प राहिलो, तर हे पाहुणे प्रामाणिकपणे खोट्यावर शिक्का मारून निघून जातील, हे तिला लख्ख कळलं.

"मला सांगायचंय," ती पुढे होऊन म्हणाली. "हे मडकं मीच केलंय. आणि वाईट केलंय."

तिने वैद्यांच्या मडक्यावर बोटाने टिचकी मारली. ते खणखणीत वाजलं. नायकाचं मडकं मात्र भरल्या पोटासारखं बद्द वाजलं. मग तिने ते उचललं आणि फरसबंदीवर आपटलं. चिंचोके चौकभर उधळले.

शिपाई तिच्याकडे धावले. तांडेल काठी टेकत मध्ये उभा राहिला. "हिला हात लावलात, तर आमची बंदरं तुमच्या नायकाला कायमची बंद."

पाहुणे अवघे सहाच होते. पण त्यांच्यामागे कोळणी सरकल्या, मग विणकर, मग सगळा चौक. शिपायांच्या आया-बहिणी त्याच गर्दीत होत्या. शिपायांनी नायकाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि भाले खाली केले.

कुणीतरी घरातली पाण्याची मातीची घागर रिकामी करून आणली आणि नायकाच्या नावाने ठेवली. संध्याकाळपर्यंत रांग हलत राहिली. नायकालाही बरीच मतं पडली, पण वैद्यांना जास्त पडली. नायकाने मान खाली घालून नायकपदाचा शिक्का वैद्यांच्या हाती दिला आणि तो घरी गेला. त्याला कुणी बोट लावायचं नाही, असं वैद्यबुवांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं.

निघताना तांडेल धोंडाईजवळ थांबला. "आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिलं, तरी आम्हाला दिसलं नाही. तू बोलली नसतीस, तर आमचं येणं फुकट गेलं असतं."

"तुम्ही आला नसता," धोंडाई म्हणाली, "तर मी तरी कुठे बोलले असते?"

तात्पर्य एवढंच: भला शेजारी बाहेरून दार ठोठावू शकतो, पण कडी घरातल्यांनीच काढायची असते.