कागद कोरा हवा

भैरवपूर नावाच्या संस्थानात हौसाक्का नावाची एक बाई राहत होती. संस्थानची तोफ दोन मैलांवर ऐकू जायची, पण हौसाक्काच्या नाकाची कीर्ती शंभर मैलांवर पोचली होती. ती दरबारची तंबाखूपारखी होती. चाळीस वर्षं तिनं वखारीत बसून पानं हुंगली, चुरडली, पेटवून पाहिली. कुठलं पान काळ्या रानातलं आणि कुठलं नदीकाठचं, हे ती डोळे मिटून सांगायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून थोरल्या महाराजांनी तिला एक पितळी मोहर करून दिली होती. ती सांगेल ते कारकुनानं लिहायचं आणि खाली तिनं मोहर उठवायची, असा रिवाज होता. त्या मोहरेच्या भरवशावर लोक न बघता माल उचलायचे.

तंबाखू वाईट, हे हौसाक्काला कुणी सांगायची गरज नव्हती. वखारीतल्या पोरींना ती स्वतःच दम भरायची. पण वस्तू कशीही असो, तिच्याबद्दल खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. दुसरा नेम असा, की चिरूट शेवटपर्यंत ओढल्याशिवाय निवाडा द्यायचा नाही. "पहिला झुरका पाहुण्यावाणी गोड वागतो," ती म्हणायची. "शेवटची चार बोटं घरच्यावाणी. खरं काय ते तवा कळतं."

थोरले महाराज गेले आणि धाकटे गादीवर आले. मनानं वाईट नव्हते, पण त्यांना घाई फार. आंब्याला मोहोर आला की यांना आमरसाची वाटी समोर हवी.

एके दिवशी खुशालशेठ नावाचा व्यापारी दरबारात आला. सातासमुद्रापलीकडच्या क्यूबा बेटावरून त्यानं उंची चिरुटांची पेटी आणली होती. देवदाराची पेटी, आत रेशमी कापड, आणि प्रत्येक चिरुटाच्या कमरेला सोनेरी कागदाचं कडं. त्याच संध्याकाळी शेजारच्या सोनतळीचे वृद्ध राजे मेजवानीला यायचे होते. त्यांनी तरुणपणी क्यूबा बेट स्वतः पाहिलं होतं, आणि ही गोष्ट ते दर भेटीत एकदा तरी ऐकवायचे. या वेळी आपणच त्यांना चकित करायचं, असं धाकट्या महाराजांनी ठरवलं.

हौसाक्काला बोलावणं गेलं. ती आली आणि पाटावर बसली. दिवाणजींनी तिच्यापुढे एक कागद धरला. कागद आधीच लिहून तयार होता.

"यावर मोहर उठव," दिवाणजी म्हणाले.

"काय लिवलंय?"

दिवाणजींनी घसा साफ करून वाचलं. "या चिरुटाला केशराचा गंध आहे, गुलाबाचा गोडवा आहे आणि अमृताची चव आहे. यात तिळमात्र दोष नाही."

शब्द खुशालशेठचे होते. दरबारी मंडळींनी लगेच "वा! वा!" केलं. त्यांतल्या एकानंही अजून पेटीत डोकावून पाहिलं नव्हतं. राजा बोले, दळ हाले.

"मी अजून चाखला न्हाई, सरकार," हौसाक्का म्हणाली.

"मग एक झुरका घे आणि उठव मोहर," महाराज म्हणाले.

"एका झुरक्यावर मी गावच्या विडीचाबी निवाडा देत न्हाई."

मोहर तर हवीच होती. महाराजांनी नाक मुरडून हात हलवला. "ओढ, काय ओढायचं ते!"

हौसाक्कानं एक चिरूट उचलला. सोनेरी कडं काढून बाजूला ठेवलं. वरच्या पानावरून अंगठा फिरवला, चिरूट बोटांनी हलकेच दाबला, न पेटवताच एकदा ओढून पाहिला. मग पेटवला. धूर ती गिळत नव्हती. तोंडात फिरवायची आणि सोडून द्यायची. बाईमाणसानं भर दरबारात धूर सोडावा, हे पाहून कुणी उपरण्यानं तोंड झाकलं, कुणी खाकरलं. तिनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चार घटका झाल्या. महाराजांनी तीनदा बैठक बदलली. चिरूट चार बोटं उरला तरी ती ओढतच होती. शेवटी तिनं थोटूक तबकात ठेवलं.

"सरकार, चाळीस वर्षांत असं पान मी चाखलं न्हाई."

महाराज उठूनच उभे राहिले. खुशालशेठचा हात मिशीवर गेला.

"मग उठव मोहर!"

"न्हाई."

"आता काय झालं? चांगला आहे, असं तूच म्हणालीस ना?"

"चांगला हाय ते मला आत्ता कळलं, सरकार. ह्या कागदाला सकाळीच कसं कळलं?"

हौसाक्का पुढे म्हणाली, "ह्यात केशर न्हाई का गुलाब न्हाई. जे हाय ते मी सांगते. कारकुनाला लिहून घिऊ द्या."

महाराजांचा पारा चढला. "चांगलं म्हणायचंच आहे, तर चार शब्द इकडचे तिकडे झाल्यानं काय बिघडतं? ती मोहर आमच्या वडिलांनी दिली आहे. आम्हाला ती परतही घेता येते."

मोहर हौसाक्काच्या पदराच्या टोकाला बांधलेली होती. चाळीस वर्षं ठसा उठवून झाला की ती पुन्हा तिथंच बांधली जायची. तिनं गाठ सोडली. मोहर तिनं पाटावर ठेवली.

"मोहर सरकारची. घ्या. जीभ मातुर माझी हाय."

आणि ती मान ताठ ठेवून निघून गेली. घरी आल्यावर मात्र तिचा हात सारखा पदराच्या टोकाकडे जाऊ लागला. टोक हलकं लागत होतं. तिला रडू आलं. ती थोडं रडली, मग स्वतःवरच रागावून उठली आणि चुलीपुढे बसली.

इकडे दिवाणजींनी तीच मोहर उचलली आणि त्या कागदावर ठसठशीत उठवली.

संध्याकाळी मेजवानी झाली. सोनतळीच्या राजांपुढे पेटी उघडली गेली आणि कागद वाचला गेला. राजांनी चिरूट हातात घेतला होता. केशराचं नाव ऐकताच त्यांचा हात थांबला.

"केशर आणि गुलाब? क्यूबाच्या पानाला असला वास नसतो. येत असेल तर वरून कुणीतरी अत्तर शिंपडलंय." त्यांनी चिरूट न पेटवताच खाली ठेवला. "माल नकली दिसतो."

खुशालशेठनं देवाच्या आणाभाका घेतल्या. माल अस्सल आहे, असं तो गळ्याला हात लावून सांगू लागला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलंच खरं बोलणं होतं, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवेना.

इतक्यात राजांची नजर मोहरेवर गेली. "ही तर हौसाक्काची मोहर! हे तिनं सांगितलं? मग तिचं नाक गेलं म्हणायचं. बोलवा तिला."

हौसाक्का आली. राजांनी कागद पुन्हा वाचायला लावला आणि विचारलं, "हे तूच सांगितलंस?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. धाकटे महाराजही पाहत होते, आणि त्या दिवसात प्रथमच त्यांच्या डोळ्यांत हुकूम नव्हता, विनवणी होती. हौसाक्काला ती कळली. 'हो' म्हटलं तर महाराजांची लाज राहणार होती, गेलेली मोहरही परत मिळणार होती. फक्त चाळीस वर्षांचं तिचं नाव बुडणार होतं. 'नाही' म्हटलं तर पाहुण्यांसमोर तिचा राजा खोटा ठरणार होता. या घराचं मीठ तिनं जन्मभर खाल्लं होतं. पण मिठाला जागायचं म्हणजे खारटाला गोड म्हणायचं नव्हे, असं तिच्या मनानं तिला बजावलं.

"मोहर माझी हुती," ती म्हणाली. "शब्द माझं न्हाईत. कागदावर उठली तवा मोहर माझ्याकडं नव्हती."

धाकट्या महाराजांनी मान खाली घातली.

"मग तुझे शब्द कोणते?" राजांनी विचारलं.

"पान अस्सल हाय, सरकार. आदी ओल्या मातीचा वास येतो. मग भाजल्या शेंगांचा. मदीच दालचिनीची झाक लागती. राख दोन बोटं टिकती, पडत न्हाई. पण शेवटची चार बोटं कडू हायत. पान पेटीत आणखी वरीसभर मुराय पायजे हुतं. कुणीतरी घाई केली."

सोनतळीचे राजे खुर्चीत सावरून बसले. त्यांनी खाली ठेवलेला चिरूट पुन्हा उचलला.

"दोष ऐकला," ते म्हणाले. "आता गुणांवर विश्वास बसला."

त्यांनी चिरूट पेटवला आणि सावकाश ओढला. माती आली, शेंगा आल्या, दालचिनी आली. चिरूट चार बोटं उरला तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते खदाखदा हसले. "कडू आहे! अगदी कडू आहे!" वर्षभर मुरवायला म्हणून ती पेटी त्यांनी आनंदानं स्वतःकडे मागून घेतली.

धाकटे महाराज गादीवरून उठले. त्यांनी दिवाणजींच्या हातातून मोहर घेतली आणि स्वतः हौसाक्कापुढे धरली. "अक्का, चुकलो. ही तुझी तुझ्याकडे ठेव."

हौसाक्कानं हात पुढे केला नाही. "ठेवते, सरकार. पण एका बोलीवर. मी चाखायच्या आदी माझ्यापुढं कागद आला, तर तो कोरा पायजे."

महाराजांनी होकार दिला. दिवाणजींना मात्र राहवेना. "तुला तर वाचता येत नाही, हौसाक्का. कागदावर काय आहे, ते तुला कळणार कसं?"

"वाचता येत न्हाई, दिवाणजी," हौसाक्का म्हणाली आणि तिनं मोहर घेऊन पदराच्या टोकाला बांधली. "पण कागद कोरा हाय का भरलाय, एवढं दिसतं मला."

तात्पर्य: न चाखता केलेली स्तुती चांगल्या वस्तूलाही खोटं पाडते. जो राजासमोर दोष सांगायला कचरत नाही, त्याच्याच कौतुकाला मोल असतं.