तीनदा आलेल्या हाकेची कहाणी

ऐका बायांनो, प्रभूच्या हाकेची कहाणी. उपवासकाळ आहे, पोटं रिकामी आहेत, तेव्हा कान तरी उघडे ठेवा. मागच्या बाकावरच्यांनो, तुमची कुजबुज आटोपली की सुरू करते.

आटपाट म्हणावं असं ते नगर नव्हतं. लहानसं गाव होतं, मधून ओढा वाहत होता. ओढ्याअलीकडे ख्रिस्ती वस्ती नि तिचं देऊळ, पलीकडे जुनी वस्ती. अलीकडे राहेल राहायची, पलीकडे तिची थोरली जाऊ ठकूबाई. एकेकाळी दोघी एकाच चुलीवर भाकरी भाजायच्या. मग राहेलीनं आणि तिच्या नवऱ्यानं, शांतवनानं, बाप्तिस्मा घेतला. ठकूबाईनं त्यांची भांडी अंगणात फेकली. म्हणाली, मेलात तरी तोंड बघायला येणार नाही. बोलली तशी वागली. राहेलीचं तान्हं तापानं गेलं, पण ती ओढा ओलांडून आली नाही. राहेल ते विसरली नाही. कशी विसरेल? आईचं काळीज ते.

मग गावात पटकी आली. शांतवन आडवा झाला, हातपाय गार पडले. राहेलीनं गुडघे टेकले. म्हणाली, प्रभू, यांना उठव. तू सांगशील त्या दारी जाईन, तुझी वार्ता सांगेन. हा माझा वसा. शांतवन उठला. चौथ्या दिवशी भाकरी मागून खाल्ली.

मग वर्ष सरलं. पलीकडे ठकूबाईच्या पोटात पाणी झालं. मालक कधीच वारलेला, लेकरं पोटामागं परगावी गेलेली. ती खाटेला खिळली. शेजारची कोंडाबाई तेवढी पाण्याचा तांब्या भरून ठेवी.

एके पहाटे राहेल दळत होती. हाक आली, "राहेल, ऊठ. ठकूकडं जा. मी कोण ते तिला सांग." हाक कुणाची ते राहेलीला कळलं. पण ठकूचं नाव ऐकलं नि पाय जड झाले. मग तिनं काय केलं? पहिल्या पिकाच्या सणाला पोतंभर ज्वारी देवळात वाहिली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. देवानं मागितलं एक, तिनं दिलं दुसरं.

मग एके दिवशी राहेल ओढ्यावर धुणं धूत होती. समोर ठकूचं दार दिसत होतं. पुन्हा हाक आली, ठकूकडं जा. राहेलीनं धुणं तसंच ओलं उचललं नि घरी आली. मग तिनं काय केलं? रविवारी देवळात उभी राहिली, साक्ष दिली. मालक मरणाच्या दारातून कसे परत आले ते सांगितलं. आवाज खणखणीत होता हो तिचा. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग दर रविवारी ती उभी राही, दर रविवारी बायका रडत. ज्यांना पाठ झालं होतं, त्यांनाच पुन्हा सांगितलं. देवानं मागितलं एक, तिनं दिलं दुसरं.

मग उपवासकाळ आला. राहेल चाळीस दिवस एकभुक्त राहिली. गालफडं बसली. लोक म्हणाले, धन्य बाई. तिसऱ्यांदा हाक आली. या वेळी राहेल रडत म्हणाली, "माझं लेकरू मेलं तेव्हा ती आली नाही. मी कशी जाऊ?" बायांनो, उतली नाही, मातली नाही, घेतला वसा टाकलाही नाही. भलत्याच खुंटीला टांगून ठेवला. देवानं मागितलं एक, तिनं दिलं दुसरं.

तीन दिवस ती देवावर रुसून बसली. चौथा दिवस रविवार. देवळाची घंटा झाली, शांतवन निघाला. राहेल म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. तिनं पेज शिजवली, गडव्यात भरली, पदराखाली घेतली, ओढ्यात पाय घातला. ओढा तो केवढा, गुडघाभर पाण्याचा. इतकी वर्षं तो ओलांडला नव्हता.

दारात कोंडाबाई सारवत होती. तिनं मान वर केली. म्हणाली, काल माती झाली बाई.

राहेल उभी राहिली ती राहिलीच. मग कोंडाबाई सांगू लागली. "दर रविवारी ठकू मला खाट ओढ्याच्या बाजूला ओढायला लावायची. म्हणायची, आमची राहेल बोलतीय. आवाज बरोबर ओळखायची. मला विचारायची, काय सांगतीय गं ती? मला तरी कुठं कळत होतं? मी म्हणायची, येईल ती, तिलाच विचार."

राहेल आत जाऊन खाटेपाशी बसली. पलीकडे देवळात गाणं सुरू झालं. सूर येत होता, शब्द एकही कळत नव्हता. राहेल छाती पिटून रडली. ठकू, मी आले गं, म्हणाली. कुणाला म्हणाली? खाट रिकामी होती.

मग कोंडाबाई जवळ बसली. म्हणाली, काय सांगत होतीस ते मला तरी सांग. राहेलीनं सांगितलं. अडखळत, थांबत, गडव्यातली पेज गार होईस्तोवर सांगितलं. कोंडाबाईनं ऐकून घेतलं. पण जिनं विचारलं होतं, तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मग राहेल देवळात साक्ष द्यायला कधी उभी राहिली नाही. आजाऱ्यांच्या घरी जाई, वैऱ्यांच्या घरी आधी जाई. कुणी बसा म्हणे, कुणी दार लावी. म्हातारी होईस्तोवर फिरली. चौथी हाक काही आली नाही. रोज दळताना ती जातं थांबवी, कान देई, मग पुन्हा दळू लागे.

प्रभू, राहेलीला तू तीनदा हाक मारलीस. आम्हांला पहिल्या हाकेला उठव. ज्या दारी जाणं जिवावर येतं, त्या दारी आधी धाड, आणि आत माणूस जिवंत असताना धाड. ही साठ उत्तरांची कहाणी, पाच उत्तरांत सांगितली, इथं पुरी झाली. आता उठा बायांनो. जिला जायचं आहे, तिनं उपासनेनंतरच्या चहाला थांबू नये.