भिवरानं भाव सोडला नाही

एकदा काय झालं, एका राजानं तराजू आणला. पितळेचा, माणसाएवढा उंच, आणि जादूचा बरं का. एका पारड्यात माल ठेवायचा, दुसऱ्यात जोंधळा ओतायचा. दोन्ही पारडी सारखी झाली, की तेवढा जोंधळा विकणाऱ्याचा आणि माल राजाचा. ऐकायला सरळ वाटतं ना? पण त्या तराजूला विकणाऱ्याच्या मनातली भीती कळायची. माणूस जेवढा घाबरलेला, तेवढा त्याचा माल हलका. मोठा रांजण ठेवला तरी पारडं असं वर जायचं, जसं काही त्यात पीसच ठेवलंय.

राजा सगळ्यांना सांगायचा, "पटलं नाही तर माल परत न्या. माझी जबरदस्ती नाही." पण शेजारी भालेवाले उभे असायचे. परत न्यायची छाती कुणाची होणार?

घाटाखालच्या एका वाडीत भिवरा राहायची. नवरा वारलेला. घरात म्हातारी सासू, लहानगी ताना, बारा मेंढ्या आणि एक माग. भिवरा घोंगडी अशी विणायची, की पावसाचं पाणी वरच्या वर निथळून जावं. त्या साली लोकर कमी निघाली. तीनच घोंगड्या झाल्या. त्यांवर सगळा हिवाळा काढायचा होता.

मग मंगळवारी भिवरा पहिली घोंगडी घेऊन बाजारात गेली. तराजूपुढे राजा बसलेला. तो प्रत्येकाला म्हणायचा तेच तिलाही म्हणाला. "तुझ्यासारख्या पन्नास जणी आहेत. लवकर बोल, मागे रांग आहे. आज दिली नाहीस, तर उद्या कुणी विचारणार नाही."

भिवरानं हात जोडले. ती म्हणाली, "महाराज, घरात दाणा नाही, म्हातारी आजारी आहे. काय द्याल ते द्या."

झालं. पारडं झर्रकन वर गेलं. महिनाभर राबून विणलेल्या घोंगडीचा पसाभर जोंधळा मिळाला.

दुसऱ्या मंगळवारी तिनं ठरवलं, आज रडायचं नाही, भांडायचं. ती तावातावानं बोलली, राजाला लुटारू म्हणाली. पण आतून ती घाबरलेलीच होती, आणि तराजूला तेवढं पुरेसं होतं. आज पसाही नाही, नुसती मूठभर.

मग ती घरी गेली नाही. रांगेच्या कडेला बसून राहिली आणि बघत राहिली.

धोंडूतात्या कासाराचा नंबर आला. तात्यांना ऐकू येत नसे. त्यांनी बांगड्यांची पेटी पारड्यात ठेवली. राजा बोलला, पन्नास जण आहेत, लवकर कर, उद्या कुणी विचारणार नाही. तात्या आपले टकमक बघत उभे. आणि पारडं? जमिनीला टेकलेलं, जागचं हललं नाही. मग तात्यांच्या सुनेनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन राजाचं बोलणं ओरडून सांगितलं. तात्यांचा चेहरा पडला, आणि पेटी तरंगत वर गेली.

भिवरा उठून उभी राहिली. म्हणजे घोंगडी हलकी नव्हतीच. आपण राजाचं बोलणं खरं मानलं, म्हणून ती हलकी झाली. तिला राग आला. पण हा राग मघासारखा नव्हता, अगदी गार होता.

घरी जाऊन तिनं विचार केला. लोकर कातरायला किती दिवस, धुवायला किती, सूत काढायला किती, विणायला किती. मग तिनं मनाशी पक्कं केलं, एक मण जोंधळा. त्याच्या खाली नाही. आणि नाहीच मिळाला, तर घोंगडी परत आणायची आणि तानाच्या अंगावर घालायची. ताना तरी उबेत झोपेल.

तिसरा मंगळवार आला. भिवरानं घोंगडी पारड्यात ठेवली. भीती गेली नव्हती, बरं का. पण भाव मनात पक्का होता आणि परत न्यायचीही तयारी होती, म्हणून पारडं खालीच टेकून राहिलं. राजानं नेहमीचं सगळं बोलून घेतलं. भिवरानं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "घोंगडी कुणासाठी हवी, महाराज?"

असं त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. राजा खरं बोलून गेला. "राजपुत्रासाठी. गडावरचा वारा शालींतून आत शिरतो. तीन रात्री बाळाचा डोळ्याला डोळा नाही."

"मग एक मण जोंधळा."

राजा हसला. "पसाभर घे."

भिवरा काही बोलली नाही.

"बरं, पायलीभर घे."

भिवरा उभीच. ना हो, ना नाही. राजाला ती शांतता सोसेना. तो म्हणाला, "ऐक, अर्ध्यावर मिटवू. अर्धा मण."

"अर्ध्या घोंगडीत बाळ अर्धंच झाकलं जाईल, महाराज."

बाजारात खसखस पिकली. राजा लाल झाला. "हिसकावून घेईन."

आता मात्र भिवरा घाबरली. पारडं बोटभर वर आलं. तिनं घोंगडीवर हात ठेवला, त्या खरखरीत लोकरीवर, आणि म्हणाली, "घ्या. जबरदस्ती नाही असं तुम्हीच सांगता, त्याचं काय ते आज सगळे बघतील. ही एक जाईल. पण पुढच्या थंडीची घोंगडी अजून मेंढ्यांच्या अंगावर आहे, आणि ती विणणारे हात माझे आहेत. ते कसे हिसकावणार?"

धाडकन पारडं खाली आलं. पितळेची दांडी वाकली. दोन भालेवाले घोंगडी उचलायला धावले, तर ती तसूभरही हलेना. भिवरानं मात्र ती एका हातानं उचलली, खांद्यावर टाकली आणि निघाली. खरंच निघाली, दाखवायला नाही. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तिचं बघून तात्यांनी पेटीला दोरी बांधली. कुंभारणीनं रांजण डोक्यावर घेतला. एकेक करत सगळा बाजार उठला.

"थांब," राजा म्हणाला. "एक मण देतो."

भिवरा थांबली. "साध्या तराजूवर. आणि माझ्या एकटीचा माल नाही, सगळ्यांचा."

राजानं बाजाराकडे पाहिलं. कुणीही मान खाली घातलेली नव्हती. मग त्यानं वाकलेला तराजू उतरवायला सांगितला. पुढे तो वितळवून त्याची तपेली केली.

घोंगडी गडावर गेली, बाळ गाढ झोपलं. जोंधळ्याची पोती घरोघर गेली. आणि त्या बाजारात राजासुद्धा चार लोकांसारखा घासाघीस करून घेऊ लागला. कधी त्याचं खरं व्हायचं, कधी विकणाऱ्यांचं. सगळे सुखानं राहिले.

एवढीच गोष्ट. ताठ मानेनं बोलायचं ते उद्या उठल्यावर. आत्ता मान उशीवर टेकवा, कूस बदला आणि डोळे मिटा बघू.