भुरीला कारण सापडेना

घरोघरी पाणी मातीच्या घागरीतच भरलं जाई, त्या काळातली ही गोष्ट. धोंडाबाई कुंभारणीची भुरी गाढवीण रोज नदीकाठच्या खाणीतून माती वाहायची. एका सकाळी खाणीत उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ती आडवी उभी राहिली. धोंडाबाईनं दोर ओढला, पाठीवर रट्टा घातला, पण भुरी तसूभरही हलेना.

धोंडाबाईचा कुत्रा टिप्या भुंकत पुढे आला. "हल की गं! का उतरत नाहीस, ते तरी सांग."

"ठाऊक नाही," भुरी म्हणाली.

"म्हणजे नुसता हट्ट!"

"टिप्या, हट्ट करते तेव्हा माझ्याकडे ढीगभर कारणं असतात. पाय दुखतो, ऊन लागतं, गोणी टोचते. आज एकही सापडत नाही. म्हणूनच आज मी मेले तरी हलणार नाही, आणि बाईलाही जाऊ देणार नाही."

टिप्या तिच्या पायाला चावला. रक्त आलं, पण पाय हलला नाही. धोंडाबाईनं काठी उचलली, तेवढ्यात खाणीची कड धाडकन आत कोसळली. काल ती जिथे खणत बसली होती, तिथे आता मातीचा ढिगारा होता.

टिप्या भुरीचा पाय चाटू लागला. "तुला कळलं कसं?"

"मला कुठे कळलं? बारा वर्षं ही वाट उतरणाऱ्या खुरांना कळलं असेल. मी त्यांचं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी नव्या खाणीच्या वाटेवर भुरी पुन्हा थांबली. टिप्याच्या अंगावर काटा आला. "का गं थांबलीस?"

"गोणी टोचतेय."

"असं होय! मग चल मुकाट," म्हणत टिप्या निर्धास्तपणे तिच्यावर भुंकू लागला.